शारजाला जाऊन भावाला शोधायचंय, सुरुवात कुठून करू? – सविस्तर उत्तर

प्रश्न लांब होता म्हणून आधी थोडक्यात मांडतो. प्रश्न विचारणाऱ्याचा मावसभाऊ गुहागर तालुक्यातला, बेलापूरच्या एका एजंटामार्फत शारजाच्या बाजूला कुठल्यातरी छोट्या टँकरवर ओएस, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीचा खलाशी, म्हणून गेला, गणपतीच्या आधीपर्यंत फोन येत होते, गणपतीला आला नाही, आणि त्यानंतर फोन बंदच. एजंट म्हणतो चौकशी चालू आहे. आता चार मित्रांनी पैसे जमवलेत, परदेशात जाऊन हरवलेल्या माणसाला शोधून आणल्याच्या थरारक आठवणी वाचून झाल्यात, आणि टुरिस्ट व्हिसावर स्वतः जाऊन शोधायचं ठरतंय, तर तिकडे उतरल्यावर सुरुवात कुठून करायची, असा प्रश्न आहे.

मी हर्णैचा. आयुष्यभर बोटीवर होतो, बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, म्हणून उतरलो, आणि उतरल्यापासून दापोली, गुहागर, मंडणगड, श्रीवर्धन या पट्ट्यातल्या अशा घरांची कागदपत्रं बघणं, एजंटाशी भांडणं, कॉन्सुलेटला मेल लिहिणं ही कामं अंगावर पडत गेली. काही वेळा स्वतः जाऊन पण शोधलंय. त्यामुळे तुम्हाला जाऊ नका असं मी म्हणणार नाही. पण तिकीट आत्ता काढू नका. तिकडे जाऊन कुठे शोधू हा प्रश्न नंतरचा, आधी हे कळायला हवं की तो शेवटचा नक्की कुठे होता आणि कोणाच्या ताब्यात होता. आणि याचं उत्तर शारजात नाही, गुहागरात त्याच्या घरातल्या कपाटात आहे, त्याच्या बहिणीच्या मोबाईलमध्ये आहे आणि बेलापूरच्या त्या ऑफिसात आहे.

फोटो दाखवत फिरून माणूस सापडेल असं वाटतं, पण तिकडचा पसारा डोळ्यासमोर आणा. शारजाचा रोला, दुबईचं सोनापूर आणि अल कूझ, अबुधाबीचं मुसफ्फा, शारजाबाहेरचं सजा, यातल्या एकेका वस्तीत आपल्या तालुक्याएवढी माणसं राहतात, एका खोलीत सहा-आठ जण, आणि शिफ्टमुळे निम्मी कधी जागेवर नसतात. 'आपण यांना पाहिलंत का' अशी पत्रकं भिंतीवर डकवाल तर पोलीस तुम्हालाच उचलतील, कुणाचा फोटो त्याला न विचारता सोशल मीडियावर टाकणं तिथे गुन्ह्यात जाऊ शकतं, आणि परवान्याशिवाय वर्गणी गोळा करणं पण बेकायदेशीर आहे. पोर्टच्या गेटमधून पासशिवाय आत जाता येत नाही. आणि माणूस अँकरेजला, म्हणजे किनाऱ्यापासून काही मैलांवर नांगर टाकलेल्या जहाजावर असेल, तर तुम्ही किनाऱ्यावर कितीही फिरा, तुमच्यामध्ये समुद्र आहे आणि मोबाईलची रेंज पण त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे हे पण सांगायला हवं. माणूस कंपनीच्या व्हिसावर लेबर म्हणून गेला असेल तर शोधाची वाट वेगळी, तिथे ई-मायग्रेट या परदेशी नोकरीच्या सरकारी पोर्टलवरची नोंद आणि व्हिसावरचा स्पॉन्सर यावरून सुरू करायचं. लाकडी वहाणावर, म्हणजे मालवाहू धाऊवर, गेला असेल तर अजून वेगळी, कारण त्याला बहुतेक वेळा आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख नंबर, नसतो. मच्छीमारी करताना पाकिस्तानच्या हद्दीत पकडला गेला असेल तर दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, तिथून धागा मिळतो. आणि एक शक्यता कुणाला ऐकायची नसते, ती म्हणजे माणसाला सापडायचंच नसतं. कर्ज असतं, लाज असते, कधी दुसरा संसार असतो. सज्ञान माणसाने सांगितलं की माझा पत्ता घरी देऊ नका तर कॉन्सुलेट तो देणार नाही, फक्त सुखरूप आहे एवढं कळवेल. मावशीला हे आत्ता सांगू नका, पण तुमच्या मनात असू द्या.

तुमची केस जहाजाची आहे म्हणून त्याबद्दलच लिहितो, आणि एक घडलेली गोष्ट सांगतो म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

दाभोळ खाडीच्या वरच्या अंगाला एका वाडीतला पोरगा असाच गायब झाला होता. घरच्यांनी ग्रामदेवतेला कौल लावला होता, उजवा मिळाला, म्हातारे वडील मला सांगतात, "देवान सांगितलान, पोर जिवंत हाय आणि पाण्याजवळ हाय." माझा कौलाला अजिबात विरोध नाही, घरच्यांना त्यावर चार रात्री झोप लागते. मी एवढंच म्हटलं की बाबा, आता कागद दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत पासपोर्टची झेरॉक्स, सीडीसीची, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीची, झेरॉक्स, आणि एजंटाने साध्या कागदावर लिहून दिलेली पैशाची पावती एवढंच होतं. करारपत्र नाही. जहाजाचं नाव एजंटाने तोंडी सांगितलेलं, ते टाकून कुठलंच चालू जहाज सापडेना.

मग त्याच्या बहिणीचा मोबाईल घेतला. पोरं सेल्फी पाठवतात त्यात स्वतःचं तोंड बघितलं जातं, मागचं कुणी बघत नाही. एका फोटोत मागे रेलिंगला नारिंगी लाइफबॉय होता. लाइफबॉयवर जहाजाचं नाव आणि नोंदणीचं बंदर लिहिणं नियमाने बंधनकारक असतं, त्यात निम्मं नाव आणि बंदर वाचता आलं. दुसऱ्या फोटोत जहाजाचा मागचा भाग होता, म्हणजे स्टर्न, आणि तिथे पांढऱ्या रंगात नवीन नाव होतं पण त्याच्याखाली जुन्या नावाची अक्षरं उठून दिसत होती, कारण नाव वेल्डिंगने कोरलेलं असतं, वरून रंग मारला तरी वेल्डिंगच्या कडा ऊन तिरकं पडलं की दिसतात. एजंटाने सांगितलेलं नाव ते जुनं होतं. आणि त्याखाली सात आकडी आयएमओ नंबर. जहाज विकलं गेलं, नाव बदललं, झेंडा बदलला, तरी हा नंबर भंगारात जाईपर्यंत बदलत नाही. तो मिळाला की इक्वासिस नावाची फुकट वेबसाईट आहे, फ्रान्समधून चालते, तिथे लॉगिन करून नंबर टाकायचा, मालक कोण, मॅनेजर कोण, आधीची नावं काय, कुठला झेंडा, हे सगळं येतं.

मग एआयएस बघितलं, म्हणजे जहाज स्वतःची जागा रेडिओवर सांगत असतं ते. आंतरराष्ट्रीय फेरीवरच्या ३०० ग्रॉस टनाच्या वरच्या जहाजाला ते सक्तीचं आहे, छोट्या टगला नसू शकतं, आणि दोन नंबरचे धंदे करणारे ते बंद पण करतात, पण बंद केलं तरी शेवटची जागा राहते. आमचं जहाज अजमानच्या बाहेर अँकरेजला दिसत होतं, बरेच दिवस तिथेच. जुन्या ओळखीने खलाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये विचारलं तर त्याच जहाजावरून नुकताच उतरलेला एक फिटर सापडला, कोल्हापूरकडचा, तो सरळ म्हणाला, तो तर कधीच साइन ऑफ झाला की, म्हणजे काम सोडून जहाजावरून उतरला, दोर तुटून पायावर बसला, लाँचने खाली नेला त्याला. कंपनीला मेल केला तर उत्तर आलं, साइन ऑफ करून भारतात परत पाठवला.

म्हणजे कागदावर पोरगा घरी पोचलेला होता, आणि घरी तर आलेला नाही! पण यामुळेच आमचं काम सोपं झालं. पूर्ण गल्फ शोधायचं होतं ते आता जहाजाच्या शिडीपासून एअरपोर्टपर्यंत एवढंच उरलं. तेव्हा कुठे मी त्याच्या मोठ्या भावाला म्हटलं, चल, आता जाऊया.

सप्टेंबरचा उकाडा, एसीतून बाहेर आलं की चष्म्यावर वाफ धरायची आणि मिनिटभर काही दिसायचं नाही. आम्ही वस्त्या फिरलोच नाही. अँकरेजच्या जहाजांना माणसं आणि सामान पोचवणाऱ्या सर्व्हिस बोटी जिथून सुटतात त्या जेट्टीबाहेर एका मल्याळी माणसाचं बकाला आहे, म्हणजे किराणाचं छोटं दुकान, खलाशी तिथे रिचार्ज आणि सिगारेट घेतात, लाँचवाले संध्याकाळी करक चहा प्यायला बसतात. दोन संध्याकाळी आम्ही नुसते चहा पीत बसलो, कुणाला फोटो दाखवून घाई केली नाही. दुसऱ्या संध्याकाळी एका बांगलादेशी लाँचवाल्याने स्वतःच विचारलं, कुणाची वाट बघताय. पाय मोडलेल्या पोराचं सांगितलं तर त्याला लगेच आठवलं, कारण स्ट्रेचर दोरीने उतरवताना हेलकावे खात होतं आणि हा खाली उभा राहून ते धरत होता, कमरेपर्यंत भिजला होता म्हणे. अॅम्ब्युलन्स कुठल्या गेटला आली होती आणि कुठल्या बाजूला गेली तेवढं त्याने सांगितलं, त्यावरून हॉस्पिटल कळलं. नशीब म्हणाल तर हो, नशीबच, पण योग्य जेट्टीवर बसलो होतो म्हणून भेटलं.

हॉस्पिटलवाले अनोळखी माणसाला पेशंटची माहिती देत नाहीत आणि देऊ पण नये. दुबईतलं आपलं कॉन्सुलेट दुबईसोबत शारजा, अजमान, उम्म अल कुवैन, रास अल खैमा, फुजैरा हे सगळं बघतं, अबुधाबीचं तेवढं एम्बसीकडे. परराष्ट्र मंत्रालयाच्या मदद पोर्टलवरची तक्रार आम्ही घरूनच टाकून ठेवली होती, तिचा नंबर दाखवल्यावर तिथल्या साहेबांनी स्वतः हॉस्पिटलला फोन लावला. नाव सांगितलं तर असा पेशंट नाही. परत स्पेलिंग सांगितलं, नाही. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं असतं, तिकडे नोंद करणारा वाटेल ते पुढे वाटेल ते मागे घालतो. पासपोर्ट नंबर सांगितला आणि दोन मिनिटांत निघाला. ऑपरेशन होऊन डिस्चार्ज, कंपनीच्या ड्रायव्हरने सही करून नेलेला. तिथून पुढे कंपनीची खोली, इंडस्ट्रियल एरियात.

खालच्या बंकवर बसला होता, प्लास्टर कडेने काळं पडलेलं, दाढी वाढलेली. भावाला बघितल्यावर रडला वगैरे नाही, पहिलं वाक्य म्हणजे, "एजंटान सांगितलान नाय तुम्हांला?" त्याने पहिल्या आठवड्यातच एजंटाला निरोप दिला होता आणि एजंटाने तो गिळला, कारण अपघात मान्य केला की भरपाई आली.

तुम्ही म्हणाल दुसऱ्याचा फोन मागून घरी का नाही लावला. मीही तेच विचारलं. फोन जहाजावर राहिला होता आणि घरचा एकही नंबर पाठ नव्हता! फेसबुक उघडायला गेला तर पासवर्ड विसरलेला, आणि ओटीपी जाणार त्याच सिमवर जे जहाजावर होतं. पाठ होता फक्त शेजारच्या काकूंचा लँडलाईन नंबर, लहानपणापासूनचा, आणि ती लाईन कधीच बंद झालेली. आता माझ्याकडे जो पोरगा जॉइनिंगला जायच्या आधी येतो त्याला मी आईचा नंबर तोंडपाठ म्हणून दाखवायला लावतो, हसतात, पण म्हणतात.

तर तुमचं काम. आजच्या आज पासपोर्ट नंबर, सीडीसी नंबर आणि इंडोस नंबर, म्हणजे खलाशाचा सरकारी नोंदणी नंबर, एका कागदावर घ्या. तो ज्या घरी राहत होता तिथल्या पोलीस ठाण्यात मिसिंग द्या. काही ठिकाणी म्हणतील परदेशात हरवला तर आमचा काय संबंध, तरी लेखी द्या आणि पोच घ्या, कारण पुढे सीबीआयमार्फत इंटरपोलची यलो नोटीस, म्हणजे हरवलेल्या माणसासाठीची नोटीस, काढायची वेळ आली तर ती याच कागदावर उभी राहते. मग मदद पोर्टलवर तक्रार, आणि मुंबईत नौवहन महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजी शिपिंगकडे, एजंटाच्या नावाने तक्रार. एजंटाकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचं, लायसन्स आहे का ते त्यांच्याच वेबसाईटवर कळतं. लायसन्सवाला असेल तर त्याने बँक गॅरंटी ठेवलेली असते, तो घाबरतो. बिगरलायसन्सचा असेल तर पोलिसांत फसवणुकीची तक्रार, त्याच्याशी फोनवर गोड बोलण्यात दिवस घालवू नका. आणि नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घेणंच सागरी कामगार कराराच्या विरुद्ध आहे, त्यामुळे पावती असेल तर ती सोन्यासारखी जपा.

तक्रार लिहिताना गोष्ट सांगू नका. आईची तब्येत, घरची परिस्थिती हे शेवटी एका ओळीत. वर फक्त नंबर, जहाजाचा आयएमओ, जॉइन झाल्याची तारीख, शेवटचा फोन कधी आणि कुठल्या नंबरवरून, शेवटचे पैसे कुठल्या एक्स्चेंजच्या, म्हणजे पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या, कुठल्या शाखेतून आले. या शेवटच्याला फार किंमत आहे, पैसे पाठवायला माणूस स्वतः शाखेत गेला असेल तर त्या दिवशी तो किनाऱ्यावर कुठे होता ते पावतीवर छापलेलं असतं.

जहाज सोडून दिलेलं निघालं, म्हणजे मालकाने वाऱ्यावर सोडलेलं, तर घाबरू नका, दुर्दैवाने हे आता नेहमीचं झालंय. आयटीएफ या वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या आकड्यांप्रमाणे २०२४ मध्ये ३१२ जहाजांवरचे ३,१३३ खलाशी असे अडकले आणि त्यात सगळ्यात जास्त भारतीय होते. उम्म अल कुवैनच्या किनाऱ्यावर जानेवारी २०२१ मध्ये एमटी आयबा नावाचा टँकर वाहत येऊन लागला, त्यावरचे पाच जण कित्येक महिने बिनपगारी त्यावरच राहत होते, कारण उतरले तर पगारावरचा हक्क जाईल ही भीती. दोन महिने पगार नाही, किंवा खाणंपिणं नाही, किंवा घरी पाठवायला नकार, यातलं काहीही असलं तरी नियमाने ते सोडून दिलेलं जहाज धरलं जातं, आणि जानेवारी २०१७ पासून चार महिन्यांपर्यंतच्या पगाराचा आणि परतीच्या खर्चाचा विमा जहाजावर असायला लागतो, त्याचं सर्टिफिकेट जहाजावर लावलेलं असतं. आयएलओची, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची, अशा जहाजांची यादी इंटरनेटवर खुली आहे, आयएमओ नंबर टाकून तीही बघा.

आता पैसे मागणारे. तुम्ही त्याचा फोटो फेसबुकवर टाकला असेल तर फोन येणारच, तुमचा माणूस जेलमध्ये आहे, इतके पाठवा, उद्या सोडवतो. फोनवाल्याला एकच सांगायचं, आमच्या माणसाला विचार आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं नाव काय. किंवा तसलंच काहीतरी जे फेसबुकवर नाही आणि फक्त घरात माहीत आहे. उत्तर आलं तर पुढे बोला, नाहीतर नंबर ब्लॉक. खरोखर अटक झाली असेल तर १९६३ च्या व्हिएन्ना करारानुसार त्याला आपल्या कॉन्सुलेटला कळवून घ्यायचा हक्क आहे, तिकडून कळेल, फोनवरच्या दलालाकडून नाही.

मग जायचं कधी? जेव्हा ठोठावायचं दार माहीत असेल, किंवा असं काम असेल जे रक्ताच्या नात्यालाच करता येतं. आजारी माणसाला घरी चल म्हणून पटवणं, जेलची भेट, आणि नको ते झालं असेल तर ओळख पटवणं आणि देह परत आणायचा की तिकडेच संस्कार करायचे याची लेखी संमती, जरी ही संमती बऱ्याचदा इथून पण देता येते. परतीच्या खर्चासाठी कॉन्सुलेटकडे भारतीय समुदाय कल्याण निधी असतो, त्याबद्दल विचारायला लाजू नका. जाणार तर दोघे जा, एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने लिहून घ्यायचं, आणि जमवलेल्या पैशातले निम्मे इथेच ठेवा, कारण खरा खर्च माणूस सापडल्यावर सुरू होतो. आमच्या त्या पोराचा पासपोर्ट कंपनीकडे होता, व्हिसाची मुदत संपलेली, ते सगळं सुटेपर्यंत आम्ही परत आलो होतो आणि तो नंतर एकटा आला.

थोडक्यात, आधी कपाट आणि मोबाईल, मग आयएमओ नंबर, मग तक्रारी, मग त्याच्याबरोबरचा कुणीतरी खलाशी, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.

काहीच हाती लागलं नाही तर कायद्यात सात वर्षांची तरतूद आहे, सात वर्षं ज्यांना कळायला हवं त्यांना त्याची काही खबर नसेल तर कोर्टातून तो मृत धरला जाऊ शकतो, पूर्वी पुरावा कायद्याचं कलम १०८ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचं १११. पण तेव्हा पण आजचीच मिसिंगची पोच मागतात, म्हणून ती आज घ्या.

आणि एजंटाचं अजून एक. माणूस सापडला की तो लगेच गोड होतो, परतीचं तिकीट मी काढतो, तक्रार तेवढी मागे घ्या म्हणतो. दाभोळवाल्यांकडे पण आला होता, पेढे घेऊन. त्यांनी पेढे घेतले, तक्रार ठेवली, आणि पायाच्या भरपाईची केस अजून चालू आहे. तुमच्याकडे लाइफबॉयचा किंवा स्टर्नचा फोटो निघाला तर मला मेसेजमध्ये पाठवा, इथे सगळ्यांसमोर टाकू नका, नंबर वाचून देतो.